झोपेचं मशीन आणि शंकरचा हात

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमचा अनुभव लिहा. मास्क बघूनच लोक पळून जातात. तुमच्या वयाचा माणूस रोज लावतो म्हटल्यावर त्यांना धीर येईल."

मी हो म्हणालो. पण दुसऱ्याला धीर देण्याआधी मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती या आजारातून वेगळी काढता येत नाही. म्हणून दोन्ही एकत्रच लिहितो.

माझं वय अडुसष्ट. मूळचा साताऱ्याकडचा. पंचविशीत कळंबोलीला आलो, लोखंड बाजारात क्रेनवर लागलो आणि इथलाच झालो. लिहायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

कप

मागच्या वर्षी एका दुपारी माझी मुलगी वैशाली घरी आली होती. मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा कप फरशीवर फुटलेला होता, चहा लेंग्यावर, आणि वैशाली समोर फोन धरून उभी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, तुम्ही श्वास घेत नव्हता."

"काहीतरीच. डुलकी लागली."

"मी मोजलं. चोवीस सेकंद."

माझी बायको सुमन आतून म्हणाली, "अगं, घोरतात ते. घोरणाऱ्याला काय होतंय? पडलं की झोप. मीच जागी असते रात्रभर."

आमच्याकडे घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे तब्येत ठणठणीत, असाच हिशोब होता. बाजारात जेवणाच्या सुट्टीत मी ट्रेलरच्या सावलीला आडवा झालो की पोरं म्हणायची, "नामदेवनं जनरेटर चालू केला." मला त्याचा अभिमानही वाटायचा.

वैशालीने व्हिडिओ दाखवला. माझी मान छातीवर पडलेली. घोरणं चाललंय, आणि एकदम बंद. टाकीत पाणी नसताना मोटर नुसतीच चालत राहावी तसं पोट हलतंय, पण आत काही जात नाही. मग बुडालेला माणूस वर यावा तसा एक आचका, आणि पुन्हा घोरणं. त्या आचक्याच्या आधीच माझी बोटं सैल पडतात आणि कप निसटतो.

दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहवला नाही. वैशालीला वाटलं, मी श्वासाला घाबरलो. मी त्या बोटांकडे बघत होतो.

फॉर्म

वाशीच्या दवाखान्यात आधी एक फॉर्म भरायला दिला. चष्मा घरी विसरलो होतो, म्हणून सुमन प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचो, ती लिहायची. टीव्ही बघताना झोप येते का? हो. जेवणानंतर नुसतं बसलं तर? हो. कुणाशी बोलताना? कधीकधी.

मग तिने वाचलं, "गाडी किंवा यंत्र चालवताना कधी डोळा लागला आहे का?"

मी म्हणालो, "नाही."

"नाही," असं पुटपुटत सुमनने ते लिहिलं. तिचं अक्षर छान आहे.

ते उत्तर खोटं होतं. सतरा वर्षांपूर्वी, वेगळ्या शब्दांत, मी ते पहिल्यांदा दिलं होतं.

ती दुपार

क्रेनवाला कधी एकटा नसतो. वर केबिनमध्ये तो, आणि खाली मालाजवळ इशारे करणारा खलाशी. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून सगळं हातावर चालतं. बोट वर करून फिरवलं की हाबेस, म्हणजे उचल. बोट खाली केलं की आर्या, म्हणजे सोड. मूठ आवळून हात वर केला की थांब. क्रेनवाल्याने बाकी काही बघायचं नाही, फक्त त्या हाताकडे बघायचं. खालचा माणूस त्याच भरवशावर लोखंडाखाली हात घालतो.

माझा खलाशी म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ शंकर. मीच त्याला गावाहून आणलं होतं. नऊ वर्षं आम्ही जोडीने काम केलं.

त्या दुपारी डबा खाऊन आम्ही सळ्यांचं बंडल ट्रेलरवर उतरवत होतो. बंडल टेकायच्या आधी खाली लाकडी ठोकळा सरकवावा लागतो, नाहीतर नंतर खालून क्रेनचा पट्टा निघत नाही. शंकर ठोकळा घेऊन वाकलेला मला आठवतो. लिव्हरवरचा माझा हात आठवतो. केबिनच्या काचेतून येणारं ऊन आठवतं.

मग ओरडणं ऐकू आलं. त्या ओरडण्याने मी जागा झालो.

शंकरच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

त्याला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी शेडमध्ये मालक आणि आमच्या कामगार टोळीचे दहा-बाराजण जमले. मालकाने मला एवढंच विचारलं, "नामदेव, त्याचा हात काय होता? थांब होता की आर्या?"

खरं उत्तर एकच होतं, की मी पाहिलं नाही. पण डोळे मिटले होते असं म्हटलं असतं तर पुन्हा कुणी मला केबिनमध्ये चढू दिलं नसतं. वैशाली तेव्हा बारावीला होती. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की ती झिजून गुळगुळीत झाली आहेत.

मी म्हणालो, "आर्या होता."

टोळीने मान डोलावली. खलाशाने 'थांब' न देता हात घातला, असं ठरलं. माझ्यावर संशय घेण्याचं कुणाला कारणच नव्हतं. मी त्याचा दाजी होतो. दाजी मेव्हण्यावर खोटं कशाला ढकलेल?

शंकरनेही ते मान्य केलं, याचा त्रास मला सगळ्यात जास्त झाला. त्याला त्या क्षणाचं काहीच आठवत नव्हतं. तो दवाखान्यात मलाच म्हणाला, "दाजी, माझंच ध्यान कुठं व्हतं कुणाला ठावं. तुमी कशाला मनाला लावून घेता?"

सहा महिन्यांनी डोळ्यांचं निमित्त करून मी क्रेन सोडली आणि वजनकाट्यावर बसलो. शंकर एका सोसायटीत वॉचमन झाला.

वायरी

झोपेची तपासणी म्हणजे एक रात्र दवाखान्यात झोपायचं. डोक्याला डिंकासारखं काहीतरी लावून वायरी चिकटवतात, छातीला आणि पोटाला पट्टे बांधतात, नाकाशी नळी, बोटाला चिमटा. वर कॅमेरा. सुई नाही, दुखत काही नाही. घाबरायचं कारण नाही, असं मी तुम्हाला आज सांगतो. त्या दिवशी मी घामाने भिजलो होतो.

वायरी लावणाऱ्या बाई दिघ्याच्या होत्या, चाळिशीच्या. "काका, टेन्शन नका घेऊ. आमी बाहेरच बसलोय. लघवीला जायचं असेल तर नुसता हात वर करा, कॅमेऱ्यात दिसतं."

"तुम्हाला डोळा लागला तर?"

त्या हसल्या. "मग आमची नोकरी गेली ना, काका!"

मी तोंड भिंतीकडे केलं.

आकडा

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी कागद समोर धरला. डोंगरासारखी वरखाली जाणारी रेघ मध्येच सपाट झालेली होती. "इथे श्वास थांबलाय. घशाचा मार्ग मिटतो. मग मेंदू घाबरून तुम्हाला उठवतो, ते तुम्हाला कळतसुद्धा नाही. इथे पुन्हा. इथे पुन्हा." तासाला चाळीसच्या वर वेळा. रात्रभर मी झोपतच नव्हतो, असं त्या म्हणाल्या. म्हणून दिवसा मेंदू मिळेल तिथे झोप चोरतो. दोन सेकंद, पाच सेकंद.

"किती वर्षांपासून असेल?" सुमनने विचारलं.

"नक्की सांगता येणार नाही. वीस वर्षंही असू शकतील."

सुमन रडायला लागली. ती मला म्हणाली, "मी रोज शेजारी असून मला कळलं नाही." ती स्वतःला दोष देत होती आणि मी तिला देऊ दिला.

त्या दिवसापासून मला झोपेची भीती बसली. पाठ टेकली की वाटायचं, आता घसा मिटणार. बसून राहायचो, तर बसल्या बसल्याच डोळा लागायचा आणि आचक्याने जाग यायची. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "झोपेत गेलं तर बरंच की हो, सोपं मरण." मला तेच नको होतं. झोपेत गेलो असतो तर 'आर्या होता' हेच माझं शेवटचं बोलणं राहिलं असतं.

मास्क

यावर उपाय म्हणजे एक मशीन. डब्याएवढं. ते नळीतून नाकात हवेचा दाब सोडतं, त्यामुळे घसा मिटत नाही. श्वास अडखळला की ते आपोआप दाब वाढवतं. रोजची नोंद मोबाइलवर जाते. आमच्याकडे ती वैशालीच्या मोबाइलवर जाते.

पहिले दोन आठवडे फार वाईट गेले, हे लपवत नाही. मास्क लावला की कुणीतरी तोंड दाबतंय असं वाटायचं. मी ओरबाडून काढायचो. शेवटी एक युक्ती केली. मशीन चालू करायचं, मास्क उशीला घट्ट बांधायचा आणि आपण बाजूला पडायचं. नोंदीतले तास तर भरतील.

सकाळी वैशालीचा फोन. "बाबा, मास्क कुणाला लावला होता?"

"मला."

"मग रात्रभर हवा गळती दाखवतंय आणि श्वास एकही नाही. उशीला बांधलात ना?"

सुमन हसता हसता खाली बसली. "उशीला झोप चांगली लागली असंल!" मीही हसलो. पण आत गार पडलो. माणसांनी माझं खोटं सतरा वर्षं ऐकून घेतलं. या डब्याने एक रात्रही ऐकलं नाही.

त्याच संध्याकाळी सुमनने भावाला बोलावलं. "शंकर, तू सांग जरा. तुझंच ऐकतात ते."

शंकर ड्युटी संपवून आला. मशीन उलटसुलट करून बघितलं. "दाजी, पट्टा उलटा लावलाय तुमी. असा बसा." माझे खांदे आखडलेत, हात मागे पोचत नाहीत. तो पाठीमागे उभा राहिला आणि एकेक पट्टा ओढून बसवायला लागला. उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी, एवढ्यावर तो सगळं करतो. मधली गुळगुळीत खुंटं माझ्या कानामागे टेकली.

"आवळतंय का?"

मी मान हलवली. मास्कमध्ये बोलता येत नाही, ते बरं झालं.

"लगेच काढू नका. मी बसतो हितं. तुमचा श्वास अडला तर मी हाय की."

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा मास्क लावून तासभर झोपलो. तो खुर्चीत बसून राहिला. पुढचे आठ दिवस ड्युटी संपली की तो यायचा. नवीन पेशंटना माझं सांगणं आहे, सुरुवातीला कुणालातरी शेजारी बसवा. पण त्या माणसाशी खोटं बोलला असाल, तर त्याचा स्पर्श सहन होत नाही.

महिन्याभरात फरक पडला. सकाळचं डोकं दुखणं थांबलं. दुपारी पेपर पूर्ण वाचून व्हायला लागला. पण जागेपण वाढलं तशी ती दुपार जास्त स्पष्ट आठवायला लागली. आधी सगळं धुरकट असायचं.

पुढच्या तपासणीला मी एकटाच गेलो आणि डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, तो आजार होता. तुम्हाला माहीतही नव्हतं. स्वतःला दोष देऊ नका."

परतीच्या बसमध्ये मला इतकं हलकं वाटलं की मी खिडकीतून बघत हसत होतो. ते तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी दाढी करताना आरशात बघितलं आणि कळलं. झोप आजाराची होती. पण संध्याकाळी शेडमध्ये मालकाने विचारलं तेव्हा मी टक्क जागा होतो.

गेट

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शंकरच्या सोसायटीवर गेलो. तो गेटजवळच्या केबिनमध्ये बसला होता. मला बघून त्याने खुर्ची पुसली.

तेवढ्यात एक बाई गाडी मागे घ्यायला लागल्या. "ओ वॉचमन काका, जरा बघा ना मागे! टच होईल."

शंकर उठला, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला. "म्याडम, आरशात बघा."

"अहो, हात तरी दाखवा!"

"म्या न्हाई दाखवत. आरशात बघा."

"मग कशाला बसवलंय तुम्हाला इथे?" गाडी हळूहळू निघून गेली.

"रोजचंच हाय," तो म्हणाला. "सेक्रेटरीबी बोलतो. पण मला हाताचा भरवसा वाटत न्हाई, दाजी. म्या एकदा चुकलोय."

मी उभ्या उभ्याच बोललो. बसलो असतो तर बोललो नसतो.

"शंकर, तू चुकला नव्हतास. म्हणजे, मला माहीत नाही. मी झोपलो होतो. लिव्हरवर हात तसाच राहिला. तू ओरडलास तेव्हा जागा झालो. आर्या होता म्हणालो ते खोटं."

 मग त्याने एकच विचारलं.

"माझा हात वर व्हता का?"

डावा हात त्याने नकळत उचलला होता, मूठ आवळून.

हो म्हणायला किती सोपं होतं! त्याला तेवढंच हवं होतं. मी तोंड उघडलं आणि ते दुसरं खोटं ओठापर्यंत आलं.

"मी पाहिलं नाही, शंकर."

"बघायचंच काम व्हतं तुमचं."

"हो."

"सतरा वर्सं म्या त्येच आठवतोय. जेवताना आठवतो. वर केला व्हता, का न्हाई केला. आन् तुमी..." त्याने मूठ सोडली. "ताईला ठावं हाय?"

"नाही."

"आधी तिला सांगा. आता जावा तुमी."

पाणी

सुमनला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. सगळी भाजी निवडून झाल्यावर म्हणाली, "त्याच्या पोरांसमोर बोलले होते मी त्याला. तुझंच ध्यान नव्हतं, म्हणून. तुम्ही तिथेच बसला होता." आणि थोड्या वेळाने, "तो फॉर्मसुद्धा माझ्याकडून लिहून घेतलात."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. वैशालीला फोनवर काय सांगितलं, मला माहीत नाही. तिचाही फोन आला नाही. मला वाटलं, आता मास्क लावून तरी काय करायचं. दोन रात्री लावला नाही आणि श्वास कोंडून दचकत राहिलो.

तिसऱ्या संध्याकाळी खोलीत गेलो तर मशीनची छोटी टाकी भरलेली होती. ती रोज भरावी लागते, नाहीतर नाक कोरडं पडतं.

सुमन दारातून म्हणाली, "पाणी भरलंय." एवढंच. मी मास्क लावला.

लिहून द्या

शंकर अकरा दिवस आला नाही. रोज ड्युटी सुटायच्या वेळी मी दाराकडे कान लावून असायचो. बाराव्या दिवशी आला, पण बसला नाही.

"चहा टाकते," सुमन म्हणाली.

"नको, ताई." मग माझ्याकडे वळून, "दाजी, लिहून द्या. तोंडी नको. तोंडी तुमी एकदा सांगितलंय."

"कुणाला देऊ?"

"माझ्या पोराला. आन् टोळीतले जे हायेत त्यांना. तिघं-चौघं हायेत अजून. पण एक हाय. माझा हात वर व्हता असं लिहू नका. तुमाला म्हाईत न्हाई, मला म्हाईत न्हाई. जेवढं खरं हाय तेवढंच."

मी हो म्हणालो. तो निघाला. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पट्टा नीट बसतोय का आता?"

"डावीकडून जरा सैल पडतो."

"बघतो उद्या."

तो दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पट्टा बसवला आणि गेला. त्याने मला माफ केलं आहे असं मी म्हणत नाही. विचारलंही नाही.

हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. घोरणं म्हणजे चांगली झोप नव्हे, तपासून घ्या. मास्कची सवय होते. आणि तुमच्या हातात स्टिअरिंग असेल, लिव्हर असेल, कुणी तुमच्या डोळ्यांच्या भरवशावर खाली हात घालून उभा असेल, तर फॉर्मवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर खरं लिहा.

मी ते आता लिहितो आहे. याच्या प्रती काढून शंकरकडे देणार आहे, त्याला ज्यांना वाचून दाखवायचं त्यांना तो दाखवेल.

त्या दुपारी शंकरचा हात वर होता की खाली, हे मला माहीत नाही. तो आर्या होता असं मी सगळ्यांसमोर सांगितलं, ते खोटं होतं. मी क्रेनवर झोपलो होतो. त्याच्या हाताकडे बघणं हे माझं काम होतं, आणि मी बघत नव्हतो.

नामदेव